दाऊदचाचांची उघाडी

इथले भुताखेतांचे अनुभव मी दोनेक वर्षं गुपचूप वाचतेय. खरं सांगू? निम्मे वाचून मी एकटीच हसते आणि उरलेले नवऱ्याला वाचून दाखवते, मग दोघं मिळून हसतो. मी मूळची मिरजेची, शाळेत बारा वर्षं पी.टी. शिकवलेली बाई. माझा विश्वास शिट्टीवर, लाइफ जॅकेटवर आणि दिलेली वेळ पाळण्यावर. सावल्या, चाहूल, पैंजणांचे आवाज वगैरे भानगडींवर कधीच नव्हता, आणि आता अचानक बसलाय असंही म्हणणार नाही. पण मागच्या थंडीत जे झालं ते मी एकटीने पाहिलेलं नाही. माझ्याबरोबर आणखी सहा जणांनी पाहिलंय... भर उन्हात, सकाळी अकराच्या सुमाराला. म्हणून लिहितेय. हसलात तर मला राग येणार नाही, मी स्वतः इतकी वर्षं तेच करत आले.

आधी जागा सांगते. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीत मी पाहुण्यांना कयाकिंगला नेते. माझ्याकडे दोन-दोन माणसांच्या चार कयाक आहेत आणि माझी एकटीची एक. मोटर नाही, आरडाओरडा नाही. राजिवड्याच्या, म्हणजे काठावरच्या मच्छीमार वस्तीच्या अंगाने पाण्यात उतरायचं, भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत वर जायचं, वरच्या अंगाला कांदळवनात शिरून पक्षी बघायचे आणि ओहोटी लागली की पाण्याबरोबरच परत यायचं. पाहुण्यांना वाटतं आपण फार वल्हवलं. वल्हवतं पाणीच, आम्ही फक्त फोटो काढतो.

हे सगळं मला ज्यांनी शिकवलं ते दाऊदचाचा. राजिवड्यातले. वयाच्या दहाव्या वर्षापासून खाडीत, मग थोडी वर्षं आखातात बोटीवर, मग परत खाडीत. लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा मला पोहता येत नव्हतं. पी.टी.च्या बाईला पोहता येत नाही! एकतिसाव्या वर्षी चाचांनी मला पाण्यात ढकललं. अक्षरशः ढकललं, आणि वर होडीत बसून म्हणाले, "ए घाटीण, पाण्याशी भांडू नको. ता तुझ्यापेक्षा मोठा हाय. नुसती त्याच्याबरोबर ऱ्हा." मी नाकातोंडात पाणी जाऊन वर आले, चार शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. तेव्हापासून मी त्यांची घाटीण. आमच्या गटाबरोबर ते आपली छोटी लाकडी होडी घेऊन पुढे असायचे. मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती. डावा हात सरळ वर केला की समजायचं, माझ्या मागून या. तो हात खाली येईपर्यंत कुणी तोंड उघडलं तर परत आल्यावर मला बोलणी बसायची, पाहुण्यांना नाही.

भरतीची वेळ काढायची त्यांची रीत कोकणात बऱ्याच जणांना माहीत असेल. जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला पूर्ण. चतुर्दशी असेल तर साडेदहाला. झालं! मी मोबाइलवर ॲप बघायची तर चिडायचे. "तुझा मोबाइल काय दर्याला विचारून येतो?" माझ्या ओळखीत आज तिथी कोणती हे खात्रीने फक्त दोन माणसं सांगायची, एक माझ्या सासूबाई आणि दुसरे दाऊदचाचा. सासूबाईंना उपास करायचे असायचे आणि चाचांना होडी काढायची असायची.

मागच्या वर्षी पावसाळ्यात चाचांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ थोडी जड झाली, पण बोलणं शाबूत राहिलं... नको तितकं शाबूत राहिलं असं त्यांची मुलगी शमीम म्हणते. शमीम माझ्याच वयाची. नवरा कुवेतला, दोन मुलं शाळेत, आणि आता वडील अंथरुणाला. दिवसभर ती त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवते. खिडकीतून खाडीचं तोंड दिसतं, बंदराला लागलेल्या बोटी दिसतात. वरची खाडी दिसत नाही, ती वळणाआड जाते.

मी गेले की चाचा एकच मागायचे. "एकदा पाण्यावर ने गो." मी म्हणायची, बघू हं, पाऊस जाऊ दे. पाऊस गेला. मग म्हटलं, फिजिओथेरपी होऊ दे. मग म्हटलं, थंडी पडू दे. शेवटी एक दिवस ते फारच मागे लागले तेव्हा शमीम रडकुंडीला आली. "वैशाली, तूच सांग गो त्यांना. उद्या काय झालं तर लोक मना विचारतील." आणि मी... मी अगदी पी.टी.च्या आवाजात म्हटलं, "चाचा, झालं आता तुमचं पाण्यावर जाणं. वय बघा, तब्येत बघा. हट्ट करू नका."

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मी निघताना "येते" म्हटलं, तर उत्तर नाही. पुढच्या खेपेला गेले तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला शमीमच दारात म्हणाली, आज नको येऊस, चिडलेत. मग मी जायचंच सोडलं. लाज वाटायची हो. ज्या माणसाने मला पाण्यात ढकललं त्यालाच मी पाण्यापासून लांब ठेवलं होतं. बरोबर केलं असं रोज स्वतःला सांगायची आणि रोज ते खोटं वाटायचं. तीन महिने मी राजिवड्यातून कयाक काढत होते आणि त्यांच्या गल्लीकडे मान वळवत नव्हते.

एक मात्र केलं. ॲप काढून टाकलं. आता तिथीवरूनच वेळ काढायची असं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं. माझं आपलं एक.

आणि त्यातच माती खाल्ली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला नाशिकचा सहा जणांचा गट आला. सगळे ट्रेकिंगवाले, पायात भारी बूट, मनगटावर किलोमीटर मोजणारी घड्याळं. त्यातला केदार म्हणून एक जण मॅरेथॉन पळणारा. तो आपल्या आईला घेऊन आला होता. काकू चौसष्ट वर्षांच्या, डायबेटिक, पण कमालीच्या उत्साही. मी म्हटलं, काकू, तुम्ही किनाऱ्यावर थांबता का? तर म्हणाल्या, "मी गोदावरीच्या पुरात पोहलेली आहे, तू मला काय थांबवतेस?" मला आवडल्याच त्या. साडेअकराला परत येऊन नाश्ता असं ठरलं. काकूंची गोळी घेऊन झालेली होती, म्हणून साखर उतरली तर असावं असं त्यांच्या खिशात मी चिक्कीचं एक पाकीट कोंबलं.

मी बोटांवर मोजलं होतं. अमावास्येनंतरचा चौदावा दिवस, म्हणजे चतुर्दशी, म्हणजे साडेदहाला पूर्ण भरती. पावणेदहाला आम्ही वरच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या त्या खाऱ्या दलदलीत शिरलो. कांदळाच्या झाडांमधून जाणारी एक अरुंद वाट आहे तिथे. आत छान गार. खंड्या दिसला, बगळे दिसले, पाण्यात लोंबणाऱ्या मुळांवर चढणारे खेकडे दिसले. माझ्या हिशेबाने पाणी अजून पाऊण तास चढणार होतं, त्यामुळे मी निवांत. काकू केदारला लहानपणच्या गोष्टी सांगून लाजवत होत्या आणि बाकीचे हसत होते. इतका चांगला गट मला फार दिवसांनी मिळाला होता.

साडेदहाला माझं लक्ष मुळांकडे गेलं. पाण्याच्या वर हातभर ओली रेघ होती. ओली रेघ वर याचा अर्थ एकच, पाणी तिथवर येऊन गेलं होतं आणि आता उतरत होतं. मी घड्याळ पाहिलं, परत बोटं मोजली... आणि सासूबाईंचे फोन आठवले. त्या पंधरवड्यात एक तिथी दोन दिवस आली होती. एकादशी! आदल्या दिवशी उपास करायचा की दुसऱ्या, यावर सासूबाई फोनवरून सगळ्या नातेवाइकांशी चर्चा करत होत्या आणि मी बाजूला बसून लाइफ जॅकेटं शिवत होते. दिवस चौदा झाले होते, पण तिथी तेरावी. भरती पावणेदहालाच पूर्ण झाली होती. आम्ही आत शिरलो त्याच मिनिटाला पाणी फिरलं होतं.

"चला, वळा, वळा," म्हणत सगळ्यांना मागे आणलं. वाटेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तोंड बंद झालं होतं. दोन-तीन कयाकच्या लांबीइतका नुसता चिखल वर आला होता, आणि त्याच्या पलीकडे खाडीचं पाणी चकाकत होतं. मी उतरून पाहिलं. मांडीपर्यंत पाय गेला आणि पोटरीला कालवाची कड लागून रक्त आलं. अशा चिखलातून सहा माणसं आणि तीन जड कयाक ओढून नेणं शक्य नव्हतं. मोबाइलला रेंज नाही. पाणी पुन्हा तेवढं चढायचं म्हणजे रात्रीचे नऊ तरी. काकूंनी चिक्कीचं पाकीट केव्हाच पोरांना वाटून टाकलं होतं.

मी हसून म्हटलं, काही नाही हं, दहा मिनिटं थांबू. आवाज माझा मलाच ओळखू येईना. केदारने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. मी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवायला श्वास घेतला, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अगं, ते बघ, ते आजोबा हात करतायत."

मी मागे वळले. आम्ही जिथून आलो होतो त्याच बाजूला, कांदळाच्या दोन झुडपांमध्ये, छोटी लाकडी होडी. त्यात पाठमोरा माणूस. चौकड्यांची लुंगी, बनियन, डोक्यावर पांढरी जाळीची टोपी. डावा हात सरळ वर.

मला भीती वाटली नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण इथे सगळे लिहितात की अंगावर काटा आला, हातपाय गार पडले. माझं तसलं काही झालं नाही. मला इतकं बरं वाटलं की रडूच यायला लागलं. चाचा आले, बास. आता मी बोलणी खाणार आणि घरी जाणार. चाचांची उजवी बाजू गेलीय, ते खुर्चीतून उठू शकत नाहीत, हे त्या वेळी माझ्या मनात आलंच नाही. शपथेवर सांगते, आलंच नाही.

"त्यांच्या मागून चला," मी म्हटलं. "आणि बोलू नका कुणी."

होडी पुढे, आम्ही मागे. उजव्या हाताने वल्हं मारत होते ते, डावा वरच. पाण्यावर वल्ह्याचा आवाज येत होता, मी ऐकलाय, सगळ्यांनी ऐकलाय. उजवीकडे एक फाटा लागला. त्या वाटेने मी पाच वर्षं जातेय, तिथे फाटा नाही. पण होता. आत झाडं इतकी जवळ की वल्हं आडवं धरता येईना, हातांनी फांद्या ढकलत गेलो. पाणी मात्र भरपूर होतं, आणि ते आमच्याबरोबर वाहत होतं. मग झाडं संपली आणि समोर जांभ्या दगडाचे दोन खांब आले. मध्ये कयाक जाईल एवढीच जागा. खाजणाच्या बांधाला पाणी आत-बाहेर सोडायला दार ठेवतात, त्याला इथे उघाडी म्हणतात, तसलं ते होतं. जाताना काकूंनी खांबाला हात टेकवला. "किती गार आहे," एवढंच म्हणाल्या, आणि मी मागून "श्श" केलं.

खांबांमधून बाहेर पडलो ते थेट मोठ्या खाडीत. ऊन, वारा, लांबवर पूल. होडी पुढे एका कांदळाच्या बेटाआड वळली. हात खाली आला. आम्ही वळलो तेव्हा तिथे एक बगळा उभा होता आणि बाकी काही नव्हतं. केदारने हाका मारल्या, "आजोबा, थांबा ना, थँक्यू तरी म्हणू दे!" आता मला आठवलं होतं.

काकूंना नाश्ता दिला, सगळ्यांना निरोप दिला आणि ओल्या कपड्यांनिशी तशीच राजिवड्यात गेले. शमीम दारात भांडी घासत होती. मी विचारलं, चाचा कुठायत? ती म्हणाली, "कुठं असणार? खिडकीत. आज पेज पण धड खाल्ली नाय." तिच्या सांगण्याप्रमाणे अकरा वाजता ती नेहमीसारखी त्यांना पेज भरवत होती. मध्येच त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि डावा हात वर धरला. तिला वाटलं पाणी हवंय. पाणी दिलं, ते घेईनात. हात खाली घ्यायचा प्रयत्न केला, तर घेऊ देईनात. पेज गार होऊन गेली. मग आपणच हात खाली घेतला आणि झोपले. "एवढे दमले, जसं काय रत्नागिरी फिरून आले," ती म्हणाली.

मी आत गेले. तीन महिन्यांनी. ते जागेच होते. माझ्या चिखलाच्या पायांकडे, पोटरीवरच्या रक्ताकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलले सांगू?

"दोन एकादश्या आल्या. मोजल्यास काय तू?"

मी खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडले. माफी मागितली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला वगैरे नाही, तसले ते नाहीत. म्हणाले, "फरशी भिजवलीस. शमीम वरडेल." विचारलं, चाचा, तुम्ही आला होतात? तर म्हणतात, "मी कुठून येणार? तुमीच दोघींनी मना डांबून ठेवलाय." आणि पुन्हा खिडकीकडे बघायला लागले. मला हसूही येत होतं आणि रडूही.

पुढचं थोडक्यात. रविवारी नवऱ्याला घेऊन मी जमिनीवरून त्या खाजणाकडे गेले. केदारने त्याच्या घड्याळातला नकाशा मला पाठवला होता. आम्ही गेलो त्या वाटेची निळी रेघ त्यात स्पष्ट होती. ती रेघ जिथून खाडीत उतरते तिथे बांध आहे. मातीचा, रुंद, वरून मोटारसायकली जातात. बांधाच्या आत भाताचं कापलेलं शेत, कोरडं ठणठणीत. आमच्या तीन जोडकयाक आणि माझी एक, नकाशाप्रमाणे त्या शेतातून आणि बांधावरून गेल्या होत्या. तिथल्या एका शेतकऱ्याला विचारलं, इथे उघाडी आहे का? तो म्हणाला, होती म्हणतात, पण त्याच्या जन्माच्या आधीच बुजवली. खांबांचे दगड कुणी कुणी घराला नेले. केदारचं म्हणणं, झाडांखाली जीपीएस सरकतं. सरकत असेल. मग आम्ही बाहेर आलो कुठून, हे त्याला विचारलं तर तो विषय बदलतो. काकूंचं म्हणणं वेगळं. त्या म्हणतात, "मी दगडाला हात लावलाय, मला शिकवू नका."

मी शमीमकडे गेले आणि सरळ सांगितलं, चाचांना पाण्यावर न्यायचं. जबाबदारी माझी, लोकांना उत्तर द्यायचं तर मी देईन. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जॅकेट घालून, शांत पाण्यात, अर्धा तास, हरकत नाही. इतकं सोपं होतं ते! सहा महिने आम्ही दोघींनी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. शमीम दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग मी पण येणार."

मासळी उतरवणाऱ्या चौघांनी चाचांना खुर्चीसकट उचलून आणलं. केशरी लाइफ जॅकेट बघून ते बिथरले, "ह्यात मी गाबोळीसारखा दिसतंय!" गाबोळी म्हणजे माशाची केशरी अंडी; सगळं बंदर हसलं. त्यांना माझ्या पुढच्या सीटवर टेकून बसवलं, मागे मी. दुसऱ्या कयाकमध्ये माझा नवरा आणि शमीम, दोन्ही हातांनी कड गच्च धरून. राजिवड्याची मुलगी, आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसली होती. भरतीला आम्ही हळूहळू वर गेलो. चाचा मधूनच डावा हात पाण्यात बुडवत होते, बाहेर काढत होते, परत बुडवत होते.

त्या बांधासमोर मी कयाक थांबवली. म्हटलं, चाचा, आता खरं सांगा. मी कुणाला सांगणार नाही. (हो, आता सांगतेय, त्यांची परवानगी घेऊन.)

त्यांनी डावा हात बांधाकडे केला. मग म्हणाले, "हितं उघाडी व्हती. माझ्या बापाबरोबर मी जायचो हितून." हात परत पाण्यात घालत म्हणाले, "तुमी न्यायला तयार नाय. मग मी आपला रोज जातंय. सकाळी बंदरावरनं निघतो, हितवर येतो, फिरून जातो. शमीम पेज घालते ना, तवा मी हितंच असतो. त्या दिवशी येत व्हतो तर तू दिसलीस. पाणी चाललंय नि तू चिखलात उभी, बावळटासारखी. मग काय करू, टाकून जाऊ?"

एवढंच. त्यानंतर, लिहायची परवानगी सोडली तर, त्यांनी त्यावर शब्द काढलेला नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

बाजूच्या कयाकमधून शमीम सगळं ऐकत होती. ती रडत होती, पण आवाज चढवून. "अब्बा, सहा महिने मी घास भरवते तुमाला, नि तुमी घरात नव्हताच? मग मना सांगितलं का नाय?"

चाचा तिच्याकडे न बघता म्हणाले, "सांगितलं असतं तर तू मना थितनं पण उठवून आणलं असतंस."

खरंच आणलं असतं आम्ही.

या सगळ्याचं माझ्याकडे काहीही स्पष्टीकरण नाही. मी शोधायचा प्रयत्न केला, वाचलं, दोन-चार शहाण्या माणसांना विचारलं. एक जण म्हणाला सामूहिक भ्रम, एक म्हणाला उन्हाचा परिणाम. सात माणसांना एकच भ्रम झाला असेल, चालेल. पण भ्रमातून चार कयाक खाडीत कशा आल्या, हे मला कुणी सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

चाचांना आम्ही आता पंधरा दिवसांतून एकदा नेतो. पावसात बंद होतं तेव्हा कुरकुरले, पण अबोला धरला नाही. मधल्या दिवसांत ते खिडकीत असतात. परवा मी गेले तेव्हा अकरा वाजले होते. शमीम पेज भरवत होती. चाचांचे डोळे उघडे, पण नजर कुठेतरी लांब. पूर्वी ती अशा वेळी त्यांचा खांदा हलवायची, अब्बा, लक्ष कुठाय म्हणून रागवायची. या वेळी तिने चमचा वाटीत ठेवला. त्यांच्या कानाशी वाकली आणि अगदी हळू विचारलं, "अब्बा, कुठवर पोचलात?"

ते म्हणाले, "वळणावर हाय. थांब जरा."

ती थांबली.